पाठवणीनंतरची कॅसेट

मच्छिंद्रच्या दुकानावर अजूनही 'व्हिडिओ शूटिंग' अशी पाटी आहे, आणि ती काढ म्हणणाऱ्याला तो चहा पाजत नाही. काष्टीच्या बाजारतळाजवळ, रस्त्याला लागून हे दुकान. समोरून उसाचे ट्रॅक्टर जातात, धुरळा उडतो, आणि आत तीन जुने व्हीसीआर उशांचे अभ्रे पांघरून बसलेले असतात. लोक लग्नाच्या जुन्या कॅसेटा घेऊन येतात, तो त्या पेनड्राइव्हवर उतरवून देतो. वय बासष्ट, पण बोलायला लागला की पंचविशीतला. "माझ्या हाताखालनं गेलेली कॅसेट मी डोळं झाकून वळखतो," असं तो छाती पुढे काढून सांगतो, आणि यात अतिशयोक्ती असली तरी फार नाही.

अशा या माणसाची एका सोमवारी वाचाच बसली, आणि ती बसवली नागापूरच्या अमृतने.

अमृत नगरजवळच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. चाळिशी उलटलेली, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मोजकं. कोणी काड्यापेट्या गोळा करतं, कोणी भांडणं; अमृत टीव्हीवर पूर्वी लागलेले युद्धाचे माहितीपट गोळा करतो. एकाहत्तरच्या लढाईला पंचवीस वर्षं झाली त्या हिवाळ्यात टीव्हीवर सहा रविवार एक हिंदी मालिका लागली होती. तिचे पाच भाग त्याने चार वर्षांत पैदा केले होते. एक साताऱ्याच्या एका सुभेदारांच्या माळ्यावर मिळाला, दोन पुण्यातल्या भंगारवाल्याकडे, बाकीचे कुठून कुठून. मालिका काढणारी कंपनी कधीच बंद पडली होती. मालकाच्या मुलाने फोनवर सांगितलं, गोदामात पाणी शिरलं आणि होतं नव्हतं ते गेलं. राहिला होता सहावा भाग, रणगाड्यांचा.

"त्या भागात तुमच्या गावचे, रणगाडा दलातले दफादार आप्पासाहेब बोललेत," अमृत म्हणाला. "जुन्या पेपरातलं कात्रण आहे माझ्याकडे. त्या काळात इथं व्हीसीआर फक्त तुमच्याकडे होता म्हणे. तुम्ही भरून ठेवला होता का तो?"

मच्छिंद्रने समोरच्या व्हीसीआरचा अभ्रा नीट केला. तो आधीच नीट होता.

"बघतो," तो म्हणाला. एवढंच. अमृत नंबर देऊन गेला.

आता मच्छिंद्र गप्प का झाला, ते सांगायला हवं.

त्या शेवटच्या रविवारी आप्पासाहेब टीव्हीवर दिसणार म्हणून अर्धं काष्टी त्यांच्या अंगणात जमलं होतं. टीव्ही ओट्यावर आणून ठेवलेला. पडद्यावर आप्पांचा चेहरा आला, आणि गावाने जो गलका केला म्हणता! टाळ्या, शिट्ट्या, "आप्पा, आप्पा", कोणी घरातली थाळीच बडवायला घेतली. दोन-अडीच मिनिटं आप्पा पडद्यावर बोलत होते आणि तेवढा वेळ गाव ओरडत होतं. चेहरा गेला तेव्हा गाव शांत झालं. आप्पा दिसले सगळ्यांना, ऐकू आले कुणालाच नाहीत. त्यांची बायको बनुबाई बायकांत बसली होती, ती "अरं गप बसा की" म्हणून घसा फोडत होती, पण तिचंही ओरडणं त्या ओरडण्यातच जमा झालं. आणि शिट्ट्या मारणाऱ्यांत पहिला होता मच्छिंद्र. तो दुकानातला व्हीसीआर रेकॉर्डिंगला लावून, शटर ओढून धावत आला होता.

मागाहून बनुबाईने नवऱ्याला विचारलं, काय बोललात? आप्पा म्हणाले, "मच्छिंद्रनं कॅसेट भरलीय. ती आली की बघ."

ती काही आली नाही.

व्हिडिओ कॅसेटच्या पाठीला कोपऱ्यात प्लास्टिकची एक इवलीशी पट्टी असते. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. मच्छिंद्रने एकाच कॅसेटवर सहाही भाग भरून झाल्यावर ती स्वतः मोडली होती, चुकून कोणी पुसू नये म्हणून. मोडलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हेही त्याला ठाऊक होतं, आणि घोटाळा तिथेच झाला. फेब्रुवारीत एकाच मुहूर्तावर चार लग्नं आली. कोऱ्या कॅसेटा संपल्या. नगरला जायला वेळ नव्हता. मच्छिंद्रने दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी खाचेवर मारली, मनात म्हणाला पुढच्या वेळी लागेल तेव्हा दुसरी भरून देऊ, आणि लग्नाला निघाला. जशी काही मालिका दर वर्षी लागणार होती. पुढे आप्पा चार वेळा दुकानात आले. पहिल्या तीन वेळी तो "देतो की" म्हणाला. चौथ्या वेळी म्हणाला, "बुरशी लागली आप्पा, खराब झाली." आप्पा पाण्याचा ग्लास खाली ठेवून निघून गेले, आणि नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

तीन वर्षांपूर्वी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं, पण तोंडातून शब्द येत नाही. आता त्यांना काय बोललात म्हणून विचारायची सोय उरली नव्हती.

अमृत येऊन गेल्याची बातमी गावात फिरायला एक रात्र पुरली. सकाळी मच्छिंद्र शटर वर करतोय तोच बनुबाई पायरीवर हजर. बहात्तर वर्षांची, काटक, डोक्यावरचा पदर वाऱ्याला दाद न देणारा.

"मच्छिंद्रा, ती कॅसेट असंल तर दे मला," ती म्हणाली. "बुरशी लागलेली असली तरी चालंल. निम्मी खराब असली तरी चालंल. ह्यांचा आवाज ऐकून तीन वर्सं झाली रं. अन् त्या दिवशी काय बोल्ले, ते तर ऐकलंच न्हाई."

मच्छिंद्र खूप खोटं बोलू शकतो, धंदाच तसा. नवरीच्या बापाला उद्या देतो म्हणून दोन महिने फिरवलेला माणूस. पण या बाईसमोर त्याची जीभ वळली नाही. त्याला लाज वाटली, आणि अठ्ठावीस वर्षं साठलेली लाज एकदम वाटली की माणूस खरं बोलून मोकळा होतो.

"वैनी, बुरशी न्हवती लागली. मी तिच्यावर लग्न भरलं."

आता ही ओरडणार, रडणार, निदान हातातली पिशवी तरी मारणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"कुनाचं?" ती म्हणाली.

"काय?"

"लग्न रं. कुनाचं भरलंस?"

आणि मच्छिंद्रच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॅसेट तीन तासांची. सहा भागांतले पाच म्हणजे दोन तास वीस मिनिटं. त्यापुढे सहावा. म्हणजे लग्न जर सव्वादोन तासांत आटोपलं असेल, तर त्याच्या पुढे आप्पा तसेच्या तसे असणार! पाठवणी झाली, आईने डोळे पुसले, जीप हलली की कॅमेरा बंद. कॅसेटची शेपूट पुढे उरतेच. आणि लग्नाची कॅसेट पाठवणीच्या पुढे आजवर कोणी पाहिलेली नाही.

"चार लग्नं हुती," तो बोटांवर मोजत म्हणाला. आवाज परत आला होता. "तीन दुकानातल्या पोरांनी केली, नव्या कॅसेटींवर. चौथं मी सोता केलं. भिवा पाटलाच्या अश्विनीचं. म्हाताऱ्यानं सांगितलं हुतं, मिक्सिंग नको, गानी नको, आहे तीच कॅसेट दे. तीच दिली. वैनी, आठ दिवसांत आप्पा तुमच्यासमोर बोलतील. न्हाई बोलले तर पाटी काढीन."

अश्विनी हिवरे बाजारला दिलेली होती. बुधवारी अमृतच्या मोटारसायकलवर दोघे निघाले. अमृतने त्या दिवशीची रजा टाकली होती. वाटेत मच्छिंद्र एवढं बोलला, की नगर ओलांडेपर्यंत अमृतला रणगाड्यांपेक्षा काष्टीच्या लग्नांची माहिती जास्त झाली.

अश्विनी गोठ्यात दूध काढत होती. आता अठ्ठेचाळीसची, सून आलेली. माहेरचा माणूस पाहून तिला आनंद झाला. चहा झाला, मग मच्छिंद्रने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. खरं बोलायची एकदा सवय लागली की ती आवरत नाही.

अश्विनीने कप खाली ठेवला.

"म्हंजी काका, माझ्या लग्नाला तुमी वापरलेली कॅसेट आनली हुती?"

"व्हय."

"अन् आमच्या आबांनी नवीच्या भावात घेतली?"

मच्छिंद्रने अमृतकडे पाहिलं. अमृत गोठ्यातल्या म्हशी मोजत होता.

अश्विनी उठून आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, पेटीचं झाकण वाजलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात शालूच्या तुकड्यात बांधलेली कॅसेट होती. मच्छिंद्रने गाठ सोडली, कॅसेट उलटी केली आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. पांढरी चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण तिथेच होती.

"हीच," तो म्हणाला.

"आन हिकडं," अश्विनीने ती परत घेतली. "आबा जाऊन सात वर्सं झाली. त्यांचं हिंडतं-फिरतं असं एवढंच हाय माझ्याकडं. तुमी पुढचं बघायला जाल अन् माझं लग्न तोडून ठेवाल. मी संगं येनार. अन् आधी माझं लग्न उतरवायचं, मग तुमचं युद्ध."

यात न पटण्यासारखं काही नव्हतं. शिवाय मच्छिंद्रला तिचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीनेही बरोबर वाटलं. इतकी जुनी फीत पुढे-मागे पळवली तर ताणते, तुटते. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच, सावकाश चालवायची आणि चालता चालता उतरवून घ्यायची. दुसरी संधी मिळेलच असं नाही. म्हणून दुकानात आधी तपासून बघायचाही प्रश्न नव्हता.

शुक्रवारी सकाळी दहाला आप्पांच्या घरी व्हीसीआर लागला. मच्छिंद्रने त्याचं हेड स्पिरिटने तीनदा पुसलं होतं. गावाला वास लागला होताच. दारात पंधरा-वीस जण जमले. बनुबाई उंबऱ्यात उभी राहिली.

"एकानं बी आत यायचं न्हाई," ती म्हणाली. "मागल्या येळी लई टाळ्या वाजवल्या तुमी." आणि तिने दार लावून आतून कडी घातली.

आप्पा खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मच्छिंद्र त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "आप्पा, बुरशी न्हवती. मी खोटं बोल्लो हुतो." आप्पांनी डावा हात उचलून त्याच्या टाळक्यात एक टपली मारली. टपली जोरात बसली नाही. मच्छिंद्रला वाटलं, बसली असती तर बरं झालं असतं.

आणि मग सगळ्यांनी अश्विनीचं लग्न पाहिलं. पूर्ण. वरात मारुतीच्या देवळापासून आली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. भिवा पाटील पांढऱ्या टोपीत, हातात बुंदीचं ताट घेऊन प्रत्येकाच्या पानात वाकून वाढत होता. "आबा बघा, आबा," अश्विनी म्हणायची, आणि पुढचं तिला बोलवायचं नाही. बनुबाईने तिला जवळ ओढून घेतलं. पडद्यावर बनुबाईने स्वतःलाही पाहिलं, काळ्या केसांची, पंगतीत मठ्ठा वाढताना. मच्छिंद्रची नजर मात्र घड्याळावर होती. दोन तास झाले. सव्वादोन झाले. पाठवणी अजून सुरू व्हायची होती.

"आवरा की आता," तो पुटपुटला.

दोन तास वीस मिनिटं. भिवा पाटील लेकीला मिठी मारून रडत होता. सहावा भाग इथे सुरू झाला असणार, आणि मच्छिंद्र स्वतःच्या हाताने त्याच्यावर पाठवणी गिरवत होता. तेव्हाच्या त्या मच्छिंद्रला कोणीतरी कॅमेरा बंद कर म्हणून सांगायला हवं होतं. पण त्याने जीप दाखवली, जीपचे फुगे दाखवले, जीप वेशीबाहेर जाईपर्यंत दाखवली. कलाकार होता ना! पाच मिनिटं गेली. दहा गेली. अमृतने चष्मा काढून पुसला. आयुष्यात पहिल्यांदा मच्छिंद्रला आपल्या कामाची लांबी जास्त वाटली.

जीप वळणाआड गेली. पडद्यावर मुंग्या आल्या, खरखर झाली, चित्र थरथरलं, आणि वाळूतून एक रणगाडा चालत आला.

"हाच," अमृत म्हणाला. "हाच भाग."

कोणीतरी साहेब नकाशा दाखवत बोलले. मग गेलेल्यांचे फोटो. मग एक कडुनिंबाचं झाड, त्याखाली खाट, आणि खाटेवर सत्तेचाळीस वर्षांचे आप्पासाहेब, तुरेदार फेटा बांधून, ताठ बसलेले.

मच्छिंद्रने टीव्हीचा आवाज वाढवला.

आप्पांची हिंदी निम्मी काष्टीची होती. आवाज मात्र खणखणीत. बनुबाईचा हात तोंडाकडे गेला. हा आवाज तिने तीन वर्षांनी ऐकला होता. ते सांगत होते, की टँकला गोळा लागला, आग लागली, सगळे बाहेर उड्या मारून पळाले. "मी पन भागा. और फिर मैं वापस अंदर गया." विचारणारा म्हणाला, साथीदाराला वाचवायला गेलात, मोठं शौर्य केलंत.

पडद्यावरचे आप्पा थांबले. फेट्याचं टोक उगाच नीट केलं.

"नहीं साब. सब लोग ऐसाच बोलते. कल्याण अंदर रह गया, ये मेरे को मालूमच नहीं था. मैं तो चिठ्ठी के वास्ते गया. मेरे सीट के पीछे थैली में घर की चिठ्ठी थी. शादी को चार महिना हुआ था. उसको लिखना नहीं आता था, मास्तर से लिखवाया था, और नीचे उसका अंगूठा था. वो अंगूठा जलेगा, ऐसा मेरे को सहन नहीं हुआ. अंदर हाथ डाला तो कल्याण का पैर हाथ में आया. फिर उसको खींचा. चिठ्ठी रह गई."

बनुबाई उठून उभी राहिली होती. कल्याण राहुरीकडचा. तो पुढे चाळीस वर्षं दर भाऊबीजेला तिच्याकडे येत होता, नातवंडं बघून गेला.

"म्हशीचं लिवलं हुतं त्यात," ती म्हणाली. ती हसत होती की रडत होती ते मच्छिंद्रला कळेना. दोन्ही करत होती. "म्हैस याली, रेडी झाली, एवढंच. दुसरं काय लिवनार, मास्तर समोर बसलेले! अवो, त्येच्यासाठी पेटल्या टँकात गेला तुमी? अन् मला कळू दिलं न्हाई?"

खुर्चीतले आप्पा तिच्याकडे बघत होते. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

आवाज पडद्यावरून आला. विचारणाऱ्याने हसून विचारलं होतं, ही गोष्ट पत्नीला माहीत आहे का?

"नहीं साब," फेट्यातले आप्पा म्हणाले. ते लाजले होते, पण मान ताठ होती. "उसके मुँह पे बोलने को पच्चीस साल में नहीं जमा. इसलिये तो इधर बोल रहा हूँ. अब टीवी पे देखेगी, तो उसको मालूम पडेगा."

त्यांचा चेहरा गेला आणि वाळू आली. मच्छिंद्रला दुकानात चार वेळा आलेले आप्पा आठवले, पाण्याचा ग्लास खाली ठेवून गेलेले, आणि तो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. अमृतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बनुबाईने पदराने आप्पांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. त्यांचा निकामी हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"पडलं मालूम," ती म्हणाली. "बघितलं मी."